तिसरी डिश

कापसाचे दिवस वाईट होते, पण फवारणी कुणाला चुकली होती? नेरजवळच्या शेतात मजुरीनं फवारताना पंपाची नळी सुटली आणि तुळसाबाईचा उजवा डोळा पांढरा झाला. तिची लेक पायल यवतमाळच्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये पेशी वाढवायचं काम करायची. मायच्या चांगल्या डोळ्याच्या कडेचा तिळाएवढा तुकडा घ्यायचा, त्यातल्या मूळपेशी डिशमध्ये वाढवायच्या आणि उजव्या डोळ्यावर बसवायच्या, असं ठरलं. नागपूरचे सर्जन सोमवारी यायचे होते.

पेशींना पोसायला सीरम लागतं. जगभर ते गाईच्या पोटातल्या, न जन्मलेल्या वासराच्या रक्तातून काढतात. पायलनं साफ नकार दिला.

"पन्नास वर्षं सगळे हेच वापरतात," लॅबप्रमुख डॉ. गावंडे म्हणाले.

"वापरू द्या, सर. माझ्या मायच्या डोळ्यात तिचंच रक्त जाईल."

तुळसाबाईच्या अंगात रक्त ते किती! तरी तिनं हात पुढं केला. तिच्या पेशी तीन डिशमध्ये लावल्या.

लॅब वर, वॉर्ड खाली. तुकडा घेतल्यापासून मायच्या चांगल्या डोळ्यावरही पट्टी होती. तिसऱ्या दिवशी पायल डबा घेऊन गेली, तर माय म्हणाली, "सकाळी निळे हातमोजे घालून माह्यावर वाकली होती तू. कपाळाले काय लागलं तुह्या?"

पायलनं कपाळ चाचपलं. वर, डिश ठेवायच्या इन्क्युबेटरच्या दाराची कड लागून तिथं टेंगूळ आलं होतं. नर्सनं सांगितलं असेल, असं तिनं मनाला बजावलं. नर्सला त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

चौथ्या दिवशी तुळसाबाई जेवली नाही.

"दोन ठिकाणाहून तू दिसते. तिसऱ्या ठिकाणी नाही."

"मंग तिथं काय दिसते?"

"लाल. ऊन ऊन पाणी. मी तरंगून राह्यली. वरतून कोणाचं तरी काळीज वाजते. मंग एकदम उजेड, थंडी, अन् सुरी. मंग पुन्हा लाल. दिवसभर तेच, पोरी."

पायल धावत वर गेली. दोन डिशमधल्या पेशी विरळ होत्या. तिसरी काठोकाठ भरली होती.

"मीच घातलं त्यात वासराचं सीरम," गावंडे सर म्हणाले. "तुझ्या भल्यासाठी. सोमवारी हीच लावायची. त्या दोन्हींत काही दम नाही."

ती खाली आली आणि मायला सगळं सांगितलं. ती डिश टाकली तर डोळा कदाचित कायमचा जाईल, हेही सांगितलं.

"जाऊ दे. एका डोळ्यानं आंधळी राहीन, पण त्या वासराचं मरण पाह्यत बसणार नाही," तुळसाबाई म्हणाली. "ओतून टाक."

सरांच्या समोरच पायलनं तिसऱ्या डिशमध्ये ब्लीच ओतलं. ते ओरडले, नोकरीवरून काढायची धमकी दिली. तिला भीती वाटलीच नाही, इतका राग आला होता.

खाली वॉर्डात माय गाढ झोपली होती.

सोमवारी उरलेल्या विरळ पेशी लावल्या.

तीन आठवड्यांनी पट्टी सुटली. बुबुळ काळंभोर निघालं.

"लय वाळली तू," माय म्हणाली, आणि पायल भर वॉर्डात रडली.

गावंडे सरही आले, मोठ्या मनानं. "जिंकलीस," म्हणाले.

तुळसाबाईनं दुसरा डोळा हातानं झाकला आणि नव्या डोळ्यानं त्यांच्याकडं पाहिलं. मग पायलला जवळ ओढून म्हणाली, "त्यायच्या मागं उभं हाय, त्याले पुसून घे. ओलं हाय अजून."

सरांनी मागं वळून पाहिलं. कुणी नव्हतं. हसून ते निघाले.

तुळसाबाईची नजर त्यांच्या पाठीवर नव्हती. गुडघ्याएवढ्या उंचीवरून ती नजर दारापर्यंत गेली, उंबऱ्याशी जरा अडखळली, आणि त्यांच्यामागं वळली.