सातव्या स्वराची थरथर

काचेच्या पलीकडे पालवी तळेकरकाकांच्या मांडीवर बसली होती आणि काचेच्या अलीकडे तिची आई गौतमी माइकसमोर उभी होती. कोल्हापूरच्या त्या श्रवणशाळेतल्या खोलीच्या भिंती जाड फोमने मढवलेल्या. इतकी शांतता, की गौतमीला स्वतःचा आवंढा ऐकू येत होता. बाळाच्या डावीकडे एक स्पीकर, उजवीकडे दुसरा. डावीकडून आईचा आवाज येणार, उजवीकडून गुणगुणीचा. बाळ कुठे वळतं, एवढंच बघायचं. वीस वेळा.

“हं, बोला,” डॉ. झुबेदा मुजावर म्हणाल्या.

“पालू! ए पालू, इकडे बघ, कोण आलंय?” गौतमी माइकमध्ये म्हणाली.

पालवीच्या कपाळावर आठ्या पडल्या. साडेआठ महिन्यांच्या कपाळावर इतक्या आठ्या मावतात हे गौतमीला ठाऊक नव्हतं. मग उजवीकडून गुणगुणीची अंगाई सुरू झाली आणि पोर खुदकन हसून तिकडे झेपावली.

वीसपैकी वीस वेळा उजवीकडे.

“माझ्या मांडीवर मुतली, तेवढाच काय तो मला प्रतिसाद,” पालवीला आतल्या परिचारिकेकडे सोपवून बाहेर येताना तळेकरकाका म्हणाले.

गुणगुणी म्हणजे तळहाताएवढी अंगाईपेटी. आजोबांच्या काळातल्या व्हिडिओ गेमच्या यंत्रात जी चिप असायची, तिचाच नवा अवतार आत बसवलेला. एका वेळी चारच आवाज काढणारी, म्हणून गौतमीला गेमचे आवाज घडवायला शिकवणाऱ्या आणि आता तिच्यासोबत ही पेटी बनवणाऱ्या तळेकरकाकांनी तिला ‘चौस्वरी’ म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव रूढ झालं. पेटीला जाळ्याशी जोडणी नव्हती, घरातलं बोलणं ऐकणारा कान नव्हता, कॅमेरा नव्हता. वर एक कॅसेट खोचायची, बटण दाबायचं, की वाजली. पालवीच्या पाळण्याजवळ दुसरं कुठलंच यंत्र गौतमीने येऊ दिलं नसतं. झोपलेल्या लेकीच्या नाकाशी बोट धरून श्वास तपासणारी बाई ती. पण या पेटीची तिला खात्री होती, कारण तिचा आवाज गौतमीनेच घडवला होता.

तोही कागद-पेन्सिलीने. चौस्वरीत एका स्वराच्या लहरीला बत्तीसच घरं आणि प्रत्येक घराला सोळाच उंच्या. एवढ्यात सनई बसवायची तर बसवा, बासरी बसवायची तर बसवा. गौतमीने त्यात स्वतःची गुणगुण बसवली होती. सहावा महिना चालू असताना ती पोटावर हात ठेवून गुणगुणली, तिची लहर पडद्यावर थांबवली आणि एकेक घर भरत त्याचा ‘तरंगपट’ केला.

“स्वर दरवेळी पहिल्या घरापासनं सुरू कर हं पोरी,” काकांनी तेव्हा बजावलं होतं. “न्हाईतर मधेच टिकटिक येती. पहिल्यांदा वाजला तस्साच हजारव्यांदा वाजला पायजे. आपल्या कामाची इज्जत त्यात हाय.”

आणि तिने इज्जत राखली होती. बारा स्वरांची अंगाई, केसाचाही फरक न होता, चाळीस हजार कुटुंबांच्या घरांत वाजत होती.

“बाळाचा मेंदू सतत पुढच्या आवाजाचा अंदाज बांधतो,” डॉ. मुजावर खुर्ची ओढत म्हणाल्या. “अंदाज बरोबर आला की त्याला सुरक्षित वाटतं. ज्या आवाजाचा अंदाज सगळ्यात जास्त वेळा बरोबर येतो, ते त्याचं माणूस. आजवर ते माणूस म्हणजे आई, कारण घरात सगळ्यात जास्त तीच ऐकू येते.”

“मग?”

“पण माणसाचा आवाज दोनदा सारखा नसतो. सर्दी होते, थकवा येतो, राग येतो. बाळ तेवढ्या चुका पोटात घालतं, कारण त्याहून अचूक असं त्याने काही ऐकलेलंच नसतं.” त्यांनी पेटीकडे बोट दाखवलं. “तुमची पेटी कधीच चुकत नाही.”

“म्हणजे पालवीच्या दृष्टीने मी... चूक आहे?”

“दृष्टीने नाही, कानाने. पण हो.”

गौतमीने काचेतून पाहिलं. पालवी मुक्या झालेल्या उजव्या स्पीकरकडे हात पसरून बसली होती.

“मी पेटी बंद करून पाहिली, डॉक्टर. चार दिवस. दूध सोडलं तिने. मी जवळ गेले की ताठ होते. आणि मी घाबरले की माझा आवाज आणखी कापतो, तो कापला की ती आणखी रडते.” तिने काचेकडे पाठ केली. “हे किती दिवसांत नीट व्हायला हवं?”

“दहाव्या महिन्याच्या आसपास ही निवड पक्की होते. त्यानंतर वळवणं फार अवघड. एकट्या तुमची तक्रार नाही. या महिन्यात माझ्याकडे अशी आणखी पाच बाळं आलीत.”

दीड महिना. गौतमीने बोटं मोजली, मग पुन्हा मोजली.

उपाय काकांनी काढला, आणि तो ऐकताक्षणी पटण्यासारखा होता. पेटी एकदम काढून घ्यायची नाही, तिला चुकायला शिकवायचं. चौस्वरीचा चौथा आवाज म्हणजे नुसती खरखर. गेममध्ये स्फोट, पाऊस, ढोल यांसाठी वापरायची. त्या खरखरीतला एकेक तुकडा घेऊन प्रत्येक स्वर जरासा हलवायचा. कधी खाली बसेल, कधी थरथरेल. पेटी माणसासारखी चुकू लागली, की बाळाला आईच्या चुका टोचणार नाहीत.

गौतमीने तीन दिवसांत नवी कॅसेट तयार केली. पहिल्याच दुपारी पालवी गोंधळली, रडली आणि आईकडे टकमक बघत राहिली. चौथ्या दिवशीच्या चाचणीत ती वीसपैकी नऊ वेळा आईकडे वळली. सहाव्या दिवशी तेरा वेळा.

“बघ! मी म्हनलं नव्हतं?” काकांनी तिच्या पाठीवर थाप मारली. त्याच संध्याकाळी नव्या कॅसेटी घरोघर रवाना झाल्या.

दहाव्या दिवशी सकाळी गौतमी स्वयंपाकघरात डाळ धूत होती. पालवी बाहेर पाळण्यात होती. गुणगुणी गौतमीच्या पिशवीत होती, बंद. सेल काढून तिने वेगळे ठेवले होते. तो तिचा नेम होता, उगाच धोका नको म्हणून.

बाहेर गुणगुणी वाजू लागली.

तिचे हात पाण्यातच थांबले. पहिला स्वर, दुसरा. तिसरा किंचित खाली बसला. चौथा, पाचवा, सहावा सरळ. सातवा थरथरला, दोनदा, आणि सावरला.

ती ओल्या हातांनी धावली. पाळण्यात पालवी छताकडे बघत होती. ओठ मिटलेले होते आणि आवाज तिच्या नाकातून येत होता. अकरावा स्वर. बारावा. मग पुन्हा पहिला.

“पालू?” गौतमी म्हणाली.

बाळाने आठ्या घातल्या.

तासाभरात ती काकांसमोर उभी होती. “खरखर तर दरवेळी वेगळी असते ना, काका? मग तिला सातवी थरथर पाठ कशी?”

काकांनी चष्मा काढला. तो शर्टाला पुसला. “खरखर वेगळी नसती गं. आपल्या कानाला वाटती. आत पंधरा खणांची माळ असती. एक खण सरकला की त्यावरनं पुढचा ठरतो. पेटी चालू केली की माळ पुन्हा पहिल्यापासनं. दरवेळी तीच.”

“आणि हे तुम्हाला ठाऊक होतं?”

“तुलाबी हुतं. आपल्याला तेच तर हवं असतं. ढोल दरवेळी तसाच वाजला पायजे...”

ठाऊक होतं. तिने स्वतः किती ढोल असे घडवले होते! पण तिच्या कानाने आयुष्यभर त्या आवाजाला ‘खरखर’ म्हटलं होतं आणि कानाचं म्हणणं तिने कधी तपासलं नव्हतं. पहिले काही दिवस पालवीला माळ पाठ नव्हती, तेवढ्यापुरती पेटी आईइतकीच चुकत होती. आता पेटी पुन्हा अचूक झाली होती. वर माणसासारखीही.

चाळीस हजार घरांत.

“एक वाट आहे,” डॉ. मुजावर दुसऱ्या दिवशी म्हणाल्या. “तरंगपट तुमच्या गळ्याचा आहे. दुसऱ्या कोणाला जमणार नाही, पण तुम्ही पेटीसारखं गुणगुणू शकाल. हुबेहूब. बाळ आधी तुमच्याकडे येऊ दे. मग रोज एक चूक करायची, जास्त नाही. चूक तुमच्या कुशीत असताना ऐकली, तर तिला ती सोसेल.”

गौतमी कानाला हेडफोन लावून पाच दिवस बसली. प्रत्येक स्वर पहिल्या घरापासून. श्वास कुठे घ्यायचा तेही ठरलेलं. सहाव्या दिवशी काकांनी दोन्ही लहरी पडद्यावर एकावर एक ठेवल्या. एकच रेघ दिसली. त्यांनी शाबासकी द्यायला उचललेला हात खाली घेतला.

चाचणीसाठी डॉक्टरांनी बाकीची पाच बाळंही बोलावली. खोलीत मोठी सतरंजी होती, सहा पोरं आपापल्या आयांसमोर बसलेली. ती बाळं याआधी एकमेकांना कधीच भेटली नव्हती. आया आपसात कुजबुजत होत्या, कोणाचं वजन उतरलंय, कोण दूध घेत नाही. त्यांतली एक, जयसिंगपूरहून आलेली सुवासिनी मगदूम, बाळाच्या झबल्याची नाडी उगाच सोडून पुन्हा बांधत होती.

गौतमीने डोळे मिटले आणि सुरुवात केली.

तिसरा स्वर खाली बसला. सातवा दोनदा थरथरला, सावरला. दुसऱ्या फेरीला तिच्या गुडघ्याला काहीतरी लागलं. मग मऊ, दुधाळ वासाचं एक डोकं तिच्या गळ्याशी येऊन टेकलं. दोन महिन्यांनी. गौतमीच्या मिटल्या पापण्यांतून पाणी आलं, पण तिने स्वर हलू दिला नाही. फक्त डोळे उघडले.

सतरंजीवरून पाचही बाळं तिच्याकडे रांगत येत होती.

“शौनक! बाळा, इकडे!” “अगं, कुठे निघालीस?” आया हाका मारत होत्या, टाळ्या वाजवत होत्या. एकही मान मागे वळली नाही. सुवासिनीने लेकीला उचलून घेतलं, तर पोर आईच्या हातात ताठ झाली आणि गौतमीकडे दोन्ही हात पसरून किंचाळली. तिने तिला पुन्हा खाली ठेवलं.

काचेमागून काकांनी बोट वर केलं. ठरल्याप्रमाणे, एक चूक.

गौतमीने सातवा स्वर सरळ लावला. थरथर वगळली.

ती थांबली. पालवीने डोकं उचललं आणि आईच्या ओठांकडे निरखून पाहिलं. आठ्या नव्हत्या. ती रडलीही नाही. तिने आपला ओला तळवा गौतमीच्या तोंडावर ठेवला आणि सातवा स्वर स्वतः लावला. दोनदा थरथर, मग सावर.

मग सतरंजीवरून तोच स्वर आला. शौनककडून, सुवासिनीच्या लेकीकडून, एकामागून एक, पाचही बाळांकडून. तीच थरथर, तितकीच. सगळ्यांनी आपल्या आईची चूक सुधारून दिली आणि ती पुढचा स्वर कधी लावते याची वाट बघत बसली.

सुवासिनी गुडघ्यांवर सरकत जवळ आली. तिचा आवाज कापत होता, म्हणून ती अगदी हळू बोलत होती.

“ताई, तुमचं ऐकतात ती. माझ्या पोरीला तेवढं सांगा ना, माझ्याकडं बघ म्हणून.”

“हो,” म्हणायला गौतमीने तोंड उघडलं. त्या एका अक्षराआधीच्या नुसत्या श्वासाने सहाही कपाळांवर आठ्या उमटल्या. पालवीचं अंग तिच्या हातात ताठ होऊ लागलं.

गौतमीने तोंड मिटलं. सुवासिनीच्या डोळ्यांत बघत, मान नकारार्थी हलवत, तिने पुन्हा पहिला स्वर लावला, पहिल्या घरापासून.