मागची हिरव्या लुगड्यातली बाई

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या पाया पडणार नाही. पण हे घडलंय. माझ्या सख्ख्या मावसभावाच्या बाबतीत घडलंय, आणि उंब्रजचा तो गडी सहसा कशाला भीत नाही.

अमावास्येची रात्र वगैरे शोधू नका. गेल्या मार्चमधली रखरखीत दुपार होती. आटपाडीच्या पलीकडचा उजाड माळ.

हा माझा भाऊ, वीरधवल, गाण्यांचे व्हिडिओ काढतो. सुरुवात लग्नांपासून केली, मग सराफांच्या आणि साडीच्या दुकानांच्या जाहिराती. त्याचे वडील हंबीरकाका फौजेतून निवृत्त झालेले. चारचौघांत म्हणायचे, "आमचं पोरगं दुसऱ्याच्या पोरी नाचिवतंय." वीरधवल हसायचा, पण ते त्याला लागायचं.

म्हणून पुण्याच्या एका कंपनीनं गाणं दिलं तेव्हा तो हरखून गेला. हे जमलं तर कंपनीची मोठी जाहिरात त्याच्याकडे येणार होती. नाही जमलं तर पुन्हा लग्नाच्या वराती.

माळावर माणसं मोजकीच. नटी सृष्टी, कॅमेऱ्यावर सांगलीचा रिजवान आणि सामान उचलणारे दोघं.

मागं कुणीच नव्हतं. मागं नुसता माळ.

पण वीरधवलला एक खोड होती, लग्नाच्या मांडवातली. मागं माणसं असोत-नसोत, मॉनिटरवरची नजर न हलवता माइकवर ओरडायचं, "मागचे, चालत राहा! पुढं या, पुढं!"

त्या दुपारीही तो ओरडला. प्रत्येक टेकला.

"कुणाला बोलावतोयस रं? माळाला?" रिजवान हसला.

"सवय हाय गड्या. तोंडातून निघतंय."

आता या धंद्यातली एक गंमत सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. नटी तरंगल्यासारखी संथ दिसायला हवी असेल, तर शूटिंगला गाणं दुप्पट वेगानं वाजवतात. ती भराभर ओठ हलवते, भराभर नाचते. नंतर चित्र निम्म्या वेगानं चालवलं की ओठ गाण्याशी जुळतात आणि पदर हवेत तरंगतो.

दुसऱ्या दिवशी सांगलीत, विश्रामबागच्या त्याच्या ऑफिसात वीरधवल आणि रिजवान ते चित्र बघत बसले होते. बाहेर कॉलेजच्या पोरांचा गलका. सगळं नेहमीचं.

रिजवान एकदम पडद्याकडे झुकला.

"वीरू... ही कोण रं?"

पहिल्या टेकमध्ये लांबवर एक हिरवा ठिपका होता. पुढच्या टेकमध्ये तो ठिपका म्हणजे एक बाई होती. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर.

"आसंल कुणीतरी शेरडं राखणारी."

"आसंल. पण तिची चाल बघ."

वीरधवलनं बघितलं...

सृष्टी तरंगत होती. तिचे केस संथ. पायाखालची उडालेली माती संथ.

ती बाई मात्र साधी चालत होती. आपण बाजारात चालतो तशी.

मग माळावर ती किती वेगानं चालत होती? आणि एवढ्या उघड्यावर ती एकालाही दिसली कशी नाही?

टेकमागून टेक ती जवळ येत होती. शेवटच्या टेकमध्ये ती सृष्टीच्या खांद्यामागं उभी होती. पदराखाली फक्त ओठ दिसत होते.

ते हलत होते... पण ते गाण्याचे शब्द नव्हते.

रिजवाननं काहीतरी पुटपुटत संगणक बंद केला.

ती बाई दिसत होती ते सगळे टेक त्यांनी काढून टाकले. जवळून घेतलेला सृष्टीचा चेहरा, हात, पाय, एवढंच ठेवून गाणं जोडलं. दहादा तपासलं. मगच पाठवलं.

लगेच कंपनीच्या अंकिता मॅडमचा फोन आला.

"सर, गाणं सगळ्यांना आवडलं! जाहिरात तुमचीच. फक्त एक करा, ती मागची हिरव्या लुगड्यातली बाई आहे ना, जाहिरातीत तिलाच घ्या. काय चाल आहे हो तिची!"

पाठवलेलं गाणं वीरधवलनं पुन्हा लावलं.

सृष्टीचा चेहरा. हात. पाय.

दुसरं कुणीच नाही.

इतकी वर्षं ज्या कामाची वाट बघितली, ते दारात उभं होतं. तो तळमळला, चिडला, रडलासुद्धा. कुणालातरी हिरवं लुगडं नेसवून उभं करू, असंही त्याच्या मनात आलं. शेवटी त्यानं हंबीरकाकांना सगळं सांगितलं. वाटलं, म्हातारा टोमणा मारणार.



"सोड त्ये काम," काका एवढंच म्हणाले.

त्यानं फोन करून नकार दिला. काळजावर दगड ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा अंकिता मॅडम.

"सर, त्या बाई आल्यात इथं. बाहेर बसल्यात. तुम्ही नाही म्हणालात, हे त्यांना सांगू का?"

वीरधवलनं कसंबसं विचारलं, "दिसायला... कशा हायेत?"

"चेहरा नीट दिसलाच नाही हो." मॅडम हसत होत्या. "एका जागी ठरतच नाहीत. इतक्या भराभर हलतात ना..."

त्यानं फोन कापला. त्या नंबरचा फोन तो आजही उचलत नाही.

जाहिरात आता साताऱ्याच्या दुसऱ्या एका डायरेक्टरला मिळाली आहे. तरुण आहे, पहिलंच मोठं काम, पेढे वाटत फिरतोय. पुढच्या आठवड्यात शूटिंग.

त्याला सांगावं की नाही, यावरून आमच्या घरात रोज वाद होतो. वीरधवल म्हणतो, "सांगितलं तर काय म्हणंल? काम गेलं म्हणून जळतोय."

काल मी त्या पोराचा नंबर मिळवला. अजून लावलेला नाही.