शिवेवरचा दोरा

ही गोष्ट बाहेर काढायची नाही, असं काल माडीवर अंधारात अप्पाजींनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आम्हा मुलांना बजावलं. मी मान हलवली होती. तरी लिहिते.

अप्पाजींच्या कचेरीत राघोत्तमराव नावाचे मोजणीदार होते. आठ वर्षांपूर्वी, आडी महिन्यातल्या, म्हणजे तमिळ आषाढातल्या, एका मंगळवारी, ते गिंडी स्टेशनापलीकडच्या एका गावात मोजणीला गेले. कारखान्यांसाठी ते गाव उठणार होतं. त्यांना पाणीसुद्धा कोणी विचारलं नाही. त्यात शिवेवरच्या एल्लैअम्मन देवीची जत्रा सुरू झालेली. जत्रेत मनगटाला हळदीचा दोरा बांधतात, त्याला काप्पु म्हणतात. तो बांधला की शिवेबाहेर रात्र काढायची नाही. जत्रा संपली की देवीपुढेच तो सोडायचा.

पुजाऱ्याने राघोत्तमरावांनाही दोरा बांधला.

"मला कशाला? मी परका."

"शीव मोजलीत ना, सार? मग शिवेतलेच झालात."

शहरात मांबळमला घरी त्यांची पाच वर्षांची कनका तापाने फणफणली होती. दिवेलागणीला ते निघाले. शिवेच्या दगडापाशी पुजारी उभाच होता.

"आज जाऊ नका."

"लेक आजारी आहे हो!"

"लेकरं आम्हालाही आहेत. ती कुठे जाणार, ते मोजलंत?"

राघोत्तमरावांनी चाकूने दोरा कापला आणि दगडावर फेकला. पुजारी नुसता हसला.

स्टेशनचा रस्ता सरळ. दोन्हीकडे ताडाची झाडं. थोडं पुढे गेल्यावर मागून आवाज आला... मोजणीची साखळी ओढल्याचा. साखळी तर त्यांनी गावातच ठेवली होती.

ते थांबले. आवाज थांबला.

चालले. साखळी सरकली.

कोणीतरी शीव मोजत होतं... त्यांच्या पावलांमागून.

गिंडीचे दिवे आले. गाडी आली. मांबळमच्या गल्लीत पुन्हा तोच आवाज. अगदी उंबऱ्यापर्यंत. मग... काही नाही.

कनकाचा ताप उतरला होता. तिच्या मनगटाला दोरा होता. हळद ओली.

"कोण आलं होतं?"

"कोणी नाही," बायको म्हणाली. "दाराला कडी होती."

कापला, तर सकाळी पुन्हा होता. सोडवायला ते गावी धावले. पुजारी म्हणाला, "जत्रा संपू दे." ती संपण्याआधीच गाव उठलं. देवी कुठे नेली, कोणालाच ठाऊक नाही.

कनका माझ्या वर्गात आहे. दोरा झाकायला हातभर बांगड्या घालते. साखळी त्यांच्या उंबऱ्यापर्यंत आली, म्हणून तिची शीव तिथेच; कधीच कोणाकडे मुक्कामाला जात नाही. पण आज तिच्या आईला अचानक दवाखान्यात न्यावं लागलं, म्हणून ती आमच्याकडे झोपायला आली आहे. खाली जेवते आहे. मघापासून रस्त्यावर काहीतरी सरकतंय, आणि आता ते आमच्या फाटका...

"सीते, दार उघड गं! कोण आलंय बघ."

आई हाक मारते आहे. मी