एकाच अक्षरातले दोन अर्ज

तळेकाठ वस्तीच्या नळाची फाइल बंद करून दिली, तर पाणीपुरवठा कचेरीतल्या करीम मुल्लाला पन्हाळ्याची बदली मिळणार होती. म्हणजे बढती, राहायला दोन खोल्या, खिडकीत धुकं आणि शिवाय सांगून येणाऱ्या मुलींची रांग. उलट फाइल चालू ठेवली तर काय मिळणार होतं? साहेबाचं तोंड वाकडं. हिशेब इतका सोपा होता, की श्रावणातल्या झिमझिमीत कळंब्याकडं सायकल मारताना तो शीळ घालत होता.

तळ्याच्या बांधाजवळ सायकल चिखलात रुतली. समोरून डोक्यावर एक, कमरेवर एक अशा घागरी घेऊन एक पोरगी येत होती. त्यानं तळेकाठ वस्ती कुठं, म्हणून विचारलं. तिनं कॅरिअरवरची लाल फितीची फाइल बघितली.

"असली वस्ती न्हाय, पावणं."

"न्हाय कशी? तिची नागरिक समिती हाय की."

"तुमच्याच कचेरीनं लिवलंय. सदर ठिकाणी वस्ती आढळत नाही... तीन वेळा लिवलंय."

"मग तुम्ही...?"

"मीबी न्हाय. घागरी आपल्या आपण चालल्यात."

करीम हसला. ते महागात पडलं. तिनं घागरी खाली ठेवल्या आणि त्याला उभ्या पावसात झाडला. तळं उशाशी, शहराचा जाडजूड पाइप दारावरून गेलेला, आणि सतरा घरांच्या बायका मैलभर लांब मळ्यातल्या विहिरीवर. तळ्यात घागर बुडवली की रखवालदार शिट्टी मारतो. गाव म्हणतं, तुम्ही शहराचे. शहर म्हणतं, तुम्ही गावाचे. ओल्या केसांची बट तिच्या गालाला चिकटली होती आणि ती बाजूला करण्याइतकीही तिला सवड नव्हती... करीमला मात्र भरपूर होती.

ती जुलेखा. समितीचे अध्यक्ष लालासाब यांची पुतणी. समितीत एका घराची एक सही, आणि ती घरातल्या पुरुषानं करायची, अशी रीत. मॅट्रिक झालेली जुलेखा सगळे अर्ज लिहायची. सही मात्र करायची नाही. पोरगी काय, उद्या दुसऱ्याच्या घरी जाणार.

म्हणजे दोन वर्षं करीम ज्या वळणदार अक्षराचे अर्ज जरा जास्तच वेळ हातात धरून मग परत पाठवायचा, ते अक्षर कुण्या पेन्शनर मास्तराचं नव्हतं. पाहणीला कचेरीच्या नियमानं एक फेरी. करीमनं सात घातल्या. प्रत्येक फेरीला ती त्याच्यावर चिडायची, आणि फेरी चुकली तर जास्त.

"किती पाहणी करताय?" तिनं एकदा विचारलं.

"नीट दिसत न्हाय अजून."

"चष्मा लावा."

"चष्म्यानं... तुम्ही बघाय लागल्यावर मलाच दिसंनासं व्हतंय, त्याला काय करायचं?"

तिनं मान फिरवली. मानेमागचं हसू त्याला दिसलं नाही. शेजारच्या बायडाबाईला दिसलं.

सातव्या फेरीला करीम दोन जुने कागद घेऊन आला. एक गावाला: आम्ही शहराचे, आम्हांस घरपट्टी लावू नये. दुसरा, दोन महिन्यांनी, शहराला: आम्ही गावचे, आम्हांस घरपट्टी लावू नये. दोन्हींखाली सही लालासाबची, दोन्हींवर अक्षर जुलेखाचं. हे साहेबासमोर गेले, की फाइल बंद.

"फाडून टाकतो," करीम हळूच म्हणाला. "कुणाला कळायचं न्हाय. नळ येईल, आन् मग मी..."

तिचा चेहरा असा उतरला, आणि मग असा पेटला, की तो एक पाऊल मागं सरला.

"चोरून आलेलं पाणी मला न्हाय प्यायचं. आन् चोरून आलेलं माणूसबी नको."

कागद घेऊन ती थेट समितीच्या बैठकीत गेली. लालासाब म्हणाले, अक्षर पोरीचं आहे. सतरा पुरुषांना अक्षर बरोबर ओळखू आलं, खालची सही मात्र एकालाही ओळखू आली नाही. कुणी म्हणालं, हिला शिकवली हीच चूक. जुलेखानं तिथंच बसून तिसरा अर्ज लिहिला: आम्ही दोनदा खोटं लिहिलं. आम्ही गावचे आहोत, मागील घरपट्टीही भरू. आम्हांस पाणी द्या. एकही पुरुष सहीला पुढं आला नाही. तिनं स्वतःचं नाव लिहिलं, पहिल्यांदाच. मग बायडाबाई उठली, अंगठा पुढं केला. तिच्यामागं एकेका घरातून एकेक बाई आली.

"घराची सही पायजे न्हवं?" बायडाबाई म्हणाली. "मग घरात रांधतंय कोण?"

करीमनं तिन्ही कागद फाइलला लावले आणि खाली शिफारस लिहिली. आठवड्यानं तो बांधावर आला, तेव्हा शीळ नव्हती.

"पन्हाळा गेला. पार घाटावरच्या बावड्याला टाकलं मला."

"बरं झालं," ती रागातच होती. "तिथं पाऊस थांबत न्हाय म्हणं. पाणी आणाय लांब जायला नको."

"कुणाला?"

तिनं तळ्याकडं तोंड फिरवलं.

"मला," ती म्हणाली... आणि त्याला वर बघायची हिंमत झाली नाही, तशी आणखी चिडली. "आता तरी बघा की."

माघात त्यांचं लग्न झालं, चैत्रात वस्तीत नळ आला. लालासाबनी हार घालून घेतला आणि पुरुष मंडळींच्या अथक प्रयत्नांवर भाषण केलं. बायडाबाईनं हे दुसऱ्याकडून लिहवून घेऊन बावड्याला कळवलं, त्या दिवशी करीमला करपलेली भाकरी मिळाली आणि त्यानं ती मुकाट्यानं खाल्ली.

तर झालं ते असं. वस्तीनं घरपट्टी भरली, तीही कुरकुरत. सतरा घरांना पाणी मिळालं. करीमनं पन्हाळा घालवला. आणि जुलेखानं माहेर. कारण खोटं उघड्यावर मांडणाऱ्या पोरीला लालासाबनी त्या वर्षी ईदेला बोलावलं नाही, आणि पुढच्याही नाही.