मैदानावरचा चुना

"अगं, गोल चोरीला गेलं!"

फोनवर मामाचा आवाज इतका चिरकला होता, की फौजदारबाईंना आधी वाटलं, घरातलंच कोणी गेलं.

"नीट सांग मामा. काय गेलं?"

"गोलाची आडवी दांडी! नुसते दोन खांब उभे आहेत, बोळक्यातल्या दातांसारखे. आणि अध्यक्ष म्हणतोय, मीच नेली. तू ये. वर्दीत ये."

बाईंनी देवापुढची वात सारखी केली आणि निघाल्या.

मैदान त्यांच्या पायाखालचं होतं. मामा तिथला माळी. लहानपणी त्याचा डबा घेऊन त्याच यायच्या. फुटबॉल क्लब इतक्या खालच्या गटात खेळायचा, की त्याखाली फक्त जमीनच उरली होती. आणि आज तीच जमीन पणाला लागली होती.

शेजारच्या जुन्या गिरणीच्या मालकिणीनं ती क्लबला दिली, तेव्हा एकच अट घातली होती. दर हंगामाच्या पहिल्या दिवशी इथं सामना व्हायलाच हवा. एक वर्ष चुकलं, की जमीन वारसांकडे परत. अट कधी चुकली नव्हती. पुराच्या साली खेळाडू गुडघाभर चिखलात उतरले होते आणि चेंडू हातानं शोधून पायानं मारत होते. तिकडे वारसांनी मात्र दुकानांच्या संकुलाचा नकाशा केव्हाच काढून ठेवला होता.

हंगामाचा पहिला दिवस आजच होता. सामना दुपारी चारला.

फाटकाशी मामा उभा होता, डोळे लाल. पलीकडून नवे अध्यक्ष तरातरा गवतावरून आले.

"बूट!" मामा ओरडला. "बूट काढा आधी!"

"दांडी गेली आणि तुला बुटांचं पडलंय?"

"खेळणाऱ्याशिवाय कोणी पायताण घालून दोरीच्या आत जात नाही. तुमच्या खुर्चीपेक्षा जुना नियम आहे हा."

अध्यक्ष बाईंकडे वळले. "फाटकाला कुलूप होतं, मॅडम. किल्ल्या तिघांकडे. हा माळी, प्रशिक्षक मास्तर आणि चिटणीस. खालच्या गोलापाशी शिडी सापडली, ती कोणाची? माळ्याची. पाना कोणाचा? माळ्याचाच. अजून काय हवं?"

"मामा, शिडी तिथं का होती?"

"काल संध्याकाळी जाळी बांधली. मग रेषा मारल्या. चुना ताजा भिजवलेला, ओला होता. म्हटलं शिडी ओढत आणली तर रेषा मोडेल. सकाळी उचलू."

बाईंनी दोरीपाशी बूट-मोजे काढले आणि दव तुडवत गोलापर्यंत गेल्या. नट व्यवस्थित सोडवून एका जागी ठेवले होते. जड लोखंडी दांडी ओढत नेल्याचा ओरखडा मागच्या भिंतीपर्यंत गेला होता. भिंतीपलीकडे नाला. पाणी खोल, काळंशार.

आणि गोलरेषेवरचा चुना विस्कटलेला. त्यात पावलं होती. बोटं उमटलेली, अनवाणी.

बाई बराच वेळ उकिडव्या बसून राहिल्या. मग उठताना स्वतःशीच म्हणाल्या, "अरे, माझ्या कर्मा."

"माळी अनवाणीच असतो," मागून अध्यक्ष म्हणाले. बूट अजून पायातच.

"हो ना. आणि तुम्ही कधीच नसता," बाई शांतपणे म्हणाल्या.

मास्तर पोरांना घेऊन मैदानाभोवती धावत होते. शिट्टी तोंडात, घाम निथळत.

"मास्तर, आज सामना होणार नाही म्हणतात. मग हे कशाला?"

"म्हणणाऱ्याचं तोंड धरता येतं का? पाय आपले आहेत, आपण धावायचं." ते थांबलेसुद्धा नाहीत.

चिटणीस प्रेक्षकसज्जाच्या पायऱ्या उतरत होते. हळूहळू, टाचांवर भार देत, चवडे उचलून. रोज आरशासारखे चकाकणारे बूट. आज पायात रबरी चपला.

"काय झालं पायाला, चिटणीसभाऊ?"

"नवा बूट, दुसरं काय. टाचेला चावला मेला. फोडच आलाय."

"आणि दांडीचं?"

"काय सांगू, बाई. छप्पर गळतं, नळ एकच, पाहुण्यांच्या खोलीतही गळतं. त्यांना बादली देतो एवढाच पाहुणचार. ह्या पांढऱ्या हत्तीला किती दिवस पोसायचं? देवाचीच इच्छा म्हणायची."

"देवाचं नाव इतक्या लवकर नका घेऊ," बाई म्हणाल्या. "त्याला अजून विचारलं नाही आपण."

तेवढ्यात पंच आले. पिशवी खांद्याला, चेहरा त्रासलेला.

"उजाडताना निनावी फोन आला. आवाज फडक्यातून आल्यासारखा. 'येऊ नका, वरच्या टोकाची दांडी गेलीय, सामना होत नाही.' पण निनावी माणसाच्या सांगण्यावरून मी चहासुद्धा सोडत नाही. आलो."

"बरं केलंत," मामा म्हणाला. "मी तर फाटक उघडलं ऊन आल्यावर."

पंच मैदानाच्या चढाकडे बघत होते. "पण वरच्या टोकाचं गोल धडधाकट दिसतंय की! गेलीय ती उतारावरची."

मामा आणि मास्तर एकदम हसले. अध्यक्ष हसले नाहीत.

बाईंनी सगळ्यांना सज्जासमोर बोलावलं. बातमी एव्हाना गावभर झाली होती. पायऱ्यांवर माणसं जमायला लागली होती.

"मला ओरडता येत नाही," बाई म्हणाल्या, "तेव्हा जरा शांतपणे ऐका. पूर्वी हे मैदान उलट्या बाजूला उतरतं होतं. मग गिरणीची राख टाकून खालची बाजू भरली, ती इतकी भरली की तीच उंच झाली. जमीन उलटली, पण इथल्यांची जीभ उलटली नाही. म्हणून उताराचं ते टोक आपल्यासाठी अजून 'वरचं टोक'च. नवा माणूस त्याला खालचंच म्हणणार. अध्यक्षांनी सकाळी तेच म्हटलं. फाटक उघडायच्या आधीच ज्याला दांडी गेल्याचं ठाऊक होतं, तो फोनवरचा चोर मात्र 'वरचं' म्हणाला. म्हणजे तो आपल्यातलाच."

पायऱ्यांवर चुळबुळ झाली.

"दुसरं. चोर अनवाणी गेला. चोराला नियमाशी काय देणंघेणं? पण ह्याचा पायच धजला नाही. क्लब बुडवायला निघाला, तरी दोरीपाशी चपला-बूट काढून गेला. हीदेखील आपल्याच माणसाची खोड."

"म्हणजे माळीच!" अध्यक्ष म्हणाले.

"मामा, पाय दाखव."

मामानं तळवे वर केले. भेगाळलेले, मातीचे, पण बाकी शाबूत.

"ताजा चुना ओल्या पायाला लागला आणि तसाच बुटात कोंडला, तर कातडी सोलून काढतो. मामा चुन्यात काम करून लगेच पाय धुतो. मास्तर सकाळपासून धावतायत. सोललेल्या तळव्यांनी कोण धावेल? राहिली तिसरी किल्ली." बाई वळल्या. "चिटणीसभाऊ, बूट टाचेला चावला, तर माणूस चवड्यावर चालतो. तुम्ही पायऱ्या टाचांवर उतरलात. तुम्हाला बूट नाही चावला. चुना चावला."

कोणीतरी पायऱ्यांवरून ओरडलं, "क्लबला चुना लावायला गेला, आणि स्वतःलाच लावून आला!"

हशा पिकला, पण चिटणीसांचा चेहरा बघून लगेच विरला.

"हसा!" ते म्हणाले. "माझी हयात त्या गळक्या खोलीत गेली. वारस नव्या संकुलात काचेची केबिन देणार होते, दारावर माझं नाव. इथं कधी कोणी नाव विचारलं? आणि पकडून काय मिळवलंत? दांडी नाल्याच्या गाळात आहे. चारच्या आत निघायची नाही. सामना होत नाही तो नाहीच!"

मामा मटकन खाली बसला.

बाई सज्जाच्या लांबलचक हिरव्या कठड्याला टेकल्या होत्या. लोखंड गार लागत होतं. त्यांनी मुठीत धरून बघितलं.

"मामा, हा कठडा कशाचा रे?"

"गिरणीच्या वाफेच्या नळांचा. कामगारांनी सुट्टीच्या दिवशी खपून बसवला. गोलसुद्धा त्याच..."

तो ताडकन उठला. "पाना आणा!"

मग पायऱ्यांवरची सगळीच माणसं खाली उतरली. चपलांचा ढीग दोरीपाशी पडला. बाया, म्हातारे, कालपर्यंत क्लबला शिव्या देणारे, सगळ्यांनी कठड्याचा लांब नळ खांद्यावर घेतला. पंचांनी मापपट्टी लावली, जाडी बघितली, मान हलवली.

"माप बसतं. पण हिरवी नाही चालणार. दांडी पांढरी हवी."

"चुना आहे ना!" मामानं बादली उचलली.

चार वाजायला आले. पांढरी दांडी जागेवर बसली होती, थेंब गळत होते. बाई चिटणीसांना घेऊन फाटकाकडे निघाल्या. जवळची वाट मैदानाच्या कडेनं, दोरीच्या आतून होती. दोरीपाशी चिटणीस थबकले, वाकले, आणि सवयीनं चपला काढायला लागले.

मामा बादली घेऊन परतत होता. त्यानं क्षणभर त्या सोललेल्या पायांकडे बघितलं.

"राहू दे," तो म्हणाला. "घाल चपला. तो नियम आमच्या माणसांना आहे."

मागे शिट्टी वाजली.