शेवंताबाईंची शिल्लक वर्षं

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी चंद्रपूरच्या प्रतिमन केंद्रात शेवंताबाई लोणारे यांना नव्या यजमान यंत्रावर हलवण्यात आलं. दहा एक्कावन्नला अभियंता वैजयंती खोत यांनी ते काम घाईघाईनं थांबवलं. मधल्या अकरा मिनिटांत शेवंताबाई आठ महिने एकट्या जगल्या होत्या.

बाई वारल्या त्याला चार वर्षं झाली. प्रतिमन म्हणजे माणसाच्या मनाची चालती प्रत. यजमान यंत्र तिला सेकंदाला हजार ठोके पुरवतं आणि प्रत्येक ठोक्याला मन एक पाऊल पुढं सरकतं. ठोका नाही, तर काळही नाही. जुन्या यंत्रावर पाहुणी मनं फार झाली होती. बाईंच्या वाट्याला अडीचशेच ठोके येत होते.

"चार वर्षांत त्या एकच वर्ष जगल्या," वैजयंतीनं त्यांच्या मुलाला, दिगंबरला, सांगितलं. "दर रविवारी येत होतात ना? बोलणं इतकं संथ झालेलं जाणवलं नाही?"

"वाटलं, वय झालं," दिगंबर म्हणाला.

"प्रतिमनाला वय होत नाही, लोणारे."

"मला शिकवू नका. यंत्र तुमचं आहे."

"आणि अर्ज तुमचा." तिनं कागद पुढं सरकवला. 'बुडालेले ठोके' यासमोर त्यानंच 'भरून द्यावेत'वर खूण केली होती. आईचा एक क्षणही वाया जाऊ नये, म्हणून. त्यामुळे मोकळं यंत्र मिळताच तीन वर्षांचे तुंबलेले ठोके एकदम सुटले. त्या वेगात बाईंशी कुणालाच बोलता येत नव्हतं.

दोन वर्षं चार महिन्यांचे ठोके अजून शिल्लक होते. प्रतिमनाच्या जुन्या रचनेला दोनच गोष्टी कळत: उरलेले सगळे ठोके एकदम द्या, नाहीतर टाकून द्या.

"टाका," दिगंबर म्हणाला.

"कायद्यानं त्यांनाच विचारावं लागतं." तिनं पडदा सुरू केला.

"काऊन रे, आता आठवली माय?" शेवंताबाईंचा आवाज आला. "आठ महिने भिंतीसंगं बोलली मी."

"माय, अकराच मिनिटं झाली."

"अकरा तुले. मले आठ महिने."

वैजयंतीनं सगळं समजावून सांगितलं. "ही वर्षं टाकली तर तुम्हाला काही कळणार नाही, मावशी. घेतली तर पुन्हा तशाच एकट्या. दोन वर्षांहून जास्त."

"टाका म्हणते कोन?"

"तुमचा मुलगा."

"मंग मले पायजेत."

"माय, वेडी होशील!"

"आज दोन वर्षं टाकशीन, उद्या मलेच टाकशीन. बाई, सोड ते ठोके."

"हात लावलात तर खुनाची तक्रार करीन," दिगंबर वैजयंतीवर ओरडला.

"टाकले असते, तर त्यांनी केली असती," ती म्हणाली आणि अकरा अडतीसला तिनं कळ दाबली.

बारा सोळाला ठोके संपले. बाईंचं घड्याळ जगाशी जुळलं. सेकंदाचाही फरक राहिला नाही. दिगंबरनं पडद्याजवळ जाऊन पाच वेळा हाक मारली.

बारा एकोणचाळीसपर्यंत पलीकडून एक शब्दही आलेला नव्हता. ठोके मात्र सेकंदाला पूर्ण हजार पडत होते.