रॉकी पॉइंटला जायच्या आधी

कुत्रा भुंकला, आणि समोर जे दार उघडं दिसलं त्यात मी शिरले. ते दार मोटरहोमचं होतं, म्हणजे बसएवढ्या गाडीतल्या घराचं, हे आत गेल्यावर कळलं. आणि आत एक माणूस आहे, हेही.

"दार लावा! आधी दार लावा ना!"

तो मुलगा गुडघ्यांवर बसून ओट्याखालचं कपाट टेपने मोजत होता. त्याने निमूटपणे दार लावलं आणि खिडकीतून डोकावून पाहिलं.

"तो? तो तर बांधलेला आहे."

"भुंकला तो!"

"बांधलाय म्हणून भुंकतोय. दुसरं काय करणार बिचारा?"

घाबरले की मला मराठीच सुचतं. पण ॲरिझोनातल्या चँडलर गावात, रस्त्याकडेला उभ्या गाडीतून मराठीतच उत्तर येईल असं काही वाटलं नव्हतं. तो हसला नाही, नुसते ओठ दाबून धरले... आणि मला तेच जास्त लागलं. आम्ही दोघंही दिगंबरकाकांकडे रविवारच्या जेवणाला आलो होतो. मोटरहोम काकांचंच.

"मी अवधूत," तो म्हणाला. "पुण्याचा. इथे चिप कंपनीत आहे. कुकर मावतो का बघतोय."

"कुकर?"

"पाच लिटरचा. आडवा मावतो. पण मग झाकण कुठे ठेवायचं?"

बेत असा होता. मार्चच्या सुट्टीत काकांचं मोटरहोम घ्यायचं, मागे सायकली टांगायच्या आणि सरहद्द ओलांडून मेक्सिकोतल्या रॉकी पॉइंटला जायचं. चार दिवस समुद्रकाठी गाडी लावून राहायचं. अवधूत आणि त्याचा रूममेट अरुण तयार होते, माझी रूममेट रुपाली तर कधीच हो म्हणून बसली होती. मोटरहोम यांच्यापैकी कुणीच कधी चालवलेलं नव्हतं.

"तुम्ही पण या ना," तो म्हणाला.

"मी? छे! मला भीती वाटते."

"कशाची?"

"आता यादीच करावी लागेल."

त्याचे डोळे एकदम चमकले. "करा ना. खरंच करा!"

तर मी मोनाली. नागपूरची, इथल्या युनिव्हर्सिटीत केमिस्ट्रीत पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षाला, आणि एक नंबरची भित्री. कुत्रे, फ्रीवेवरच्या सुसाट गाड्या, सरकारी लिफाफे, प्रोफेसरांचं "जरा येऊन जा". या सगळ्यांची मला धास्ती. समुद्र मी फक्त विमानातून पाहिला होता, तोही डोळे किलकिले करून. आणि आता या समुद्रवाल्या मुलाचीसुद्धा भीती वाटायला लागली. कारण जेवताना तो समोर बसला आणि माझं वरण भातावर न पडता ताटाबाहेर पडलं.

यादी मी केली. पुढच्या शनिवारी तो ती घ्यायला आमच्या अपार्टमेंटवर आला आणि सोबत आखलेला एक तक्ता घेऊन आला. त्याच्या कंपनीत म्हणे नवीन मशीन सुरू करायच्या आधी असा तक्ता भरतात. काय काय बिघडू शकतं, बिघडलं तर किती गंभीर, बिघडायची शक्यता किती. प्रत्येकाला दहापैकी मार्क. मग गुणाकार. ज्याचा आकडा मोठा त्याचा बंदोबस्त आधी.

"बोल," तो म्हणाला. तुम्हीवरून तूवर तो कधी आला, ते मला कळलंच नाही.

"गाडीला ब्रेक लागला नाही तर?"

"गंभीर दहा. शक्यता एक. काका दर महिन्याला ब्रेक तपासतात. पुढे?"

"समुद्रात ओढली गेले तर?"

"गुडघ्यापर्यंतच जायचं. मी हात धरीन." एवढं बोलून तो थांबला आणि कान लाल करून लिहायला लागला. "म्हणजे... कुणीतरी धरेल. शक्यता दोन."

"सायकलवरून पडलास तर?"

"'पडले तर' म्हणायचंय का?"

"मी कशाला पडू? मी नागपूरच्या मे महिन्यात रोज सहा किलोमीटर सायकलवर कॉलेजला जायची. तुझ्याबद्दल बोलतेय."

तो खरंच पडायचा. पुण्याचा असून! दहावीपासून स्कूटरवर फिरलेला मुलगा तो, त्याचा सायकलवरचा हातच गेला होता. मग रोज संध्याकाळी कालव्याच्या कडेच्या वाटेवर मी पुढे आणि तो मागे. संत्र्याच्या झाडांना मोहर आला होता आणि वास असा भरून राहिलेला, की बोलता बोलता मध्येच गप्प व्हायला व्हायचं. तो हँडल घट्ट धरून, जीभ बाहेर काढून पॅडल मारायचा. मी वळून पाहिलं की डगमगायचा.

"तू मागे बघू नकोस ना," तो ओरडायचा. "तू बघितलंस की बॅलन्स जातो!"

"काहून? मी काय केलं?"

"बघ, बघ, नागपूर आलं!"

मी पुन्हा पुढे बघायची. हसू यायचं, आणि हसता हसता मनात दिवसही मोजले जायचे. मे महिन्यात माझी पदवी होणार होती. त्यानंतर मी कुठे आणि हा कुठे, हे तक्त्यात लिहायची माझी हिंमत नव्हती.

भांडण झालं ते गुरुवारी. सुट्टीला नऊ दिवस राहिले होते. तक्त्यात एकच ओळ उरली होती, ती मीच मुद्दाम शेवटी ठेवलेली. परत येताना सरहद्दीवर अडवलं तर? पासपोर्टावरचा व्हिसा आम्हा दोघांचाही संपलेला होता, इथे राहायची परवानगी तेवढी वेगळ्या कागदावर होती.

"तीस दिवसांच्या आत परत आलो तर नियमात बसतं," अवधूत म्हणाला. "शक्यता दोन. गंभीर... चार."

"चार?"

"चारच. जास्तीत जास्त काय होईल? इंडियात जायचं, नवीन व्हिसा काढायचा. दोन महिने घरी आईच्या हातचं खायचं, यार!"

मी पेन खाली ठेवलं.

"तुला चार," मी म्हणाले. "तुझ्या बाबांचा कारखाना आहे. तुला परत पाठवलं तर तुझे दोन महिने जातील. माझे बाबा पोस्टात सॉर्टिंग करतात, अवधूत. सरकारी स्कॉलरशिपवर आलेय मी. स्टेशनवर सगळी वस्ती आली होती सोडायला. रमाबाई आत्या आयुष्यात पहिल्यांदा प्लॅटफॉर्मवर रडली. आमच्याकडे माझ्या आधी या वाटेनं कुणी आलं नाही आणि माझ्या मागे सात-आठ पोरी बघत बसल्यात, मोनालीताईचं काय होतं म्हणून. पदवीला अडीच महिने उरलेत. मी समुद्र बघायला गेले आणि दारातच अडकले, हे त्यांना कोण सांगणार? तू?"

त्याने तक्त्याची घडी घातली.

"मी येत नाही," मी म्हणाले. "तुम्ही जा."

शुक्रवारी दुपारी तो लॅबमध्ये आला. सहलीच्या फाइलसाठी त्याला कागदपत्रांच्या कॉपी काढायच्या होत्या. कॉपी मशीनचा माझा कोड मी त्याला सांगितला, पण मान वर केली नाही. तो दाराशी थोडा वेळ उभा राहिला. मग गेला. त्याची पावलं जिन्यात विरेपर्यंत मी एकच ओळ वाचत होते, आणि ती ओळ काय होती ते आजही सांगता येणार नाही.

शनिवारी सकाळी अंघोळ करून आले तर आन्सरिंग मशीनचा लाल दिवा लुकलुकत होता.

"मोनाली, मी... मी जरा सरहद्दीपर्यंत जाऊन येतो. चालत पलीकडे, चालत अलीकडे. टेस्ट. मी आलो तर तूही येशील परत. आणि चार लिहिलं ना... चुकलं माझं. दोनपर्यंत येतो."

मला आधी राग आला, मग हसू आलं, मग नेहमीसारखी धडधड सुरू झाली. नियमात बसतं, मी स्वतःला बजावलं. जीव रमवायला लॅबमध्ये गेले. प्रबंधाच्या एका प्रकरणाची कॉपी काढायची होती. कॉपी मशीनचं झाकण उचललं.

काचेवर एक कागद पालथा पडला होता. मी उलटून पाहिला. अवधूतचं नाव. त्याच्या नोकरीच्या व्हिसाची मंजुरी, मूळ प्रत, खाली जोडलेलं पांढरं कार्ड तसंच.

त्याच्या पासपोर्टावरचा व्हिसा विद्यार्थी असतानाचा होता आणि कधीच संपला होता. इथे राहण्याचा आणि परत शिरण्याचा त्याचा सगळा आधार तो हा एक कागद. प्रत्येक कागदाच्या तीन-तीन कॉपी काढून, फाइलीत क्रमाने लावून, शहाणा मूळ कागद मशीनमध्ये विसरून सरहद्द ओलांडायला गेला होता. घड्याळात सव्वादहा वाजले होते.

काकांकडे फोन लावला. वाजत राहिला. अरुणला लावला. तोही नाही. रुपाली दिवसभर कामावर, पण तिची जुनी गाडी आमच्या अपार्टमेंटखाली उभी होती आणि किल्ली घरातल्या खिळ्याला. मी तशीच घरी पळाले. सरहद्द तीन तासांवर. लायसन्स मिळाल्यापासून दीड वर्षात मी फ्रीवेवर एकदाही गाडी घातली नव्हती.

तो कागद छातीशी धरून मी पार्किंगमध्ये उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "नाही जमणार मला." मग गाडीत बसले.

तो प्रवास मी कसा केला, देव जाणे! ट्रक बाजूने गेला की मी डोळे मिटायची, मग मिटलेत हे कळून जास्त घाबरायची. स्टिअरिंग घामाने निसटत होतं. पुढे फ्रीवे संपला, एकाकी रस्ता लागला, दोन्हीकडे वाळवंट आणि हात वर करून उभे असलेले निवडुंग. त्याला परत येऊ दिलं नाही तर? कुठे जाईल? खिशात किती डॉलर असतील? चिडून परत पाठवलं तर माझा साधा निरोपही न घेता जाईल... माझा पासपोर्ट पर्समध्ये होता आणि ज्या दारापासून मी चार हात लांब राहणार होते, तिकडेच सरळ चालले होते. पण खरं सांगते, त्या तीन तासांत मला माझ्या पदवीची भीती एकदाही वाटली नाही. सगळी भीती त्याचीच होती. हे लक्षात आलं तेव्हा मात्र गाडी कडेला घेऊन मी पाच मिनिटं नुसती रडले.

सरहद्दीवरच्या ऑफिसात गार हवा आणि एक लांब काउंटर. काचेपलीकडच्या बाकावर अवधूत बसला होता. फाइल मांडीवर, केस विस्कटलेले, चेहरा पार उतरलेला. मला पाहून तो अर्धवट उठला आणि शिपायाने खूण केली तसा पुन्हा बसला. एवढा भेदरलेला मी त्याला कधीच पाहिला नव्हता.

काउंटरवरच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. मी कागद पुढे केला.

"हा त्याचा मूळ कागद," मी इंग्रजीत म्हणाले. "मशीनमध्ये राहिला होता."

त्यांनी कागद उजेडात धरला, उलटसुलट पाहिला. माझा पासपोर्ट मागितला. एकेक पान उलटलं.

"दुसऱ्या माणसाचा इमिग्रेशनचा मूळ कागद तुमच्याकडे कसा?" त्यांनी विचारलं. "तो कोण तुमचा?"

मित्र म्हणायचं होतं मला. शपथ! सोपा शब्द होता, तयारही होता. पण तोंडातून दुसरंच बाहेर आलं.

"आमचं... लग्न ठरलंय."

काचेला बोलण्यासाठी भोकं होती. अवधूतच्या मांडीवरची फाइल खाली पडली आणि तीन-तीन कॉपी फरशीवर पसरल्या.

बाई त्याच्याकडे वळल्या. "खरं का हे?"

तो कागद गोळा करता करता तसाच गुडघ्यांवर थांबला. "हो, मॅडम," तो म्हणाला. "मलाही आत्ताच कळलं."

त्या हसल्या नाहीत. कागद घेऊन आत गेल्या. वीस मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा मी डोळ्यांनी ढकलत होते आणि तो काचेपलीकडून माझ्याकडे एकटक बघत होता. दोघांपैकी कुणालाच हसू येत नव्हतं. मग शिक्क्याचा आवाज झाला, आणि मधलं दार उघडलं.

आम्ही बाहेर उन्हात आलो. मी गाडीला टेकले. तो समोर उभा, हातात तो कागद.

"मला परत यायला मिळालं नसतं तर..." तो म्हणाला आणि थांबला. "बाकावर बसलो ना, तेव्हा कळलं तुला काय वाटत असेल. रोज. सॉरी, मोनाली."

"मूर्खा!" मी म्हणाले आणि रडायलाच लागले. "असली टेस्ट करतात का कुणी? मी काय केलं असतं इथे?"

त्याने माझा हात धरला. पहिल्यांदाच. गार आणि घामेजलेला हात, अगदी माझ्या हातासारखाच.

"समुद्र आपण कॅलिफोर्नियात बघू," तो म्हणाला. "याच बाजूचा. मेक्सिको तुझी पदवी हातात पडल्यावर. चालेल?"

मी मान हलवली.

त्याने एकदा मागच्या ऑफिसाच्या दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे न बघता, अगदी हळू आवाजात त्याने विचारलं, "आत ते जे म्हणालीस... ते सुटण्यापुरतं होतं का?"

तो घाबरला होता. आणि त्या दिवसात पहिल्यांदाच, मी नव्हते.

"अवधूत," मी म्हणाले, "सरकारी माणसासमोर खोटं बोलायची हिंमत आहे का माझ्यात?"